कपाटाविना खण

मी एक जुना लाकडी खण आहे. टेबलाचा नाही, आणि कपड्यांच्या कपाटाचा तर मुळीच नाही. मित्रांनो, पूर्वी ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं ठेवायला एक भलंमोठं कपाट असे. त्यात लांबट, अरुंद खणांच्या ओळीच्या ओळी असत. त्यांतलाच मी एक. सुतारानं आम्हा सगळ्यांना एकाच लाकडातून घडवलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि प्रत्येकाला पितळी मूठ बसवली. माझी मूठ मात्र तिरकी बसली. "चालतंय, कोण बघतंय," असं म्हणून तो पुढच्या खणाकडे वळला. त्याचा मला अजून राग आहे. पण डाव्या-उजव्या अंगाला भावंडं होती, त्यामुळे एकटं असणं म्हणजे काय हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढे ग्रंथालयात संगणक आला आणि आमचं कपाट मोडीत निघालं. भावंडं भंगाराच्या गाडीत गेली. मला मात्र इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी मागून घेतलं. माझ्यात काही विशेष होतं असं नाही. मी सगळ्यात वर पडलो होतो, इतकंच.

बाईंचा वर्ग औषधांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरे. मागच्याच खोलीत त्या राहायच्या. वर्गात एक लांब टेबल, कुरकुरणारा पंखा आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या. शिकायला येणारी सगळी मोठी माणसं होती. माती तपासणारा एक अभियंता होता, तुरुंगातल्या बायकांचं समुपदेशन करणारी एक ताई होती. प्रत्येकाला आपला प्रबंध इंग्रजीत लिहायचा होता. त्यांना इंग्रजी बोलता यायचं, पण प्रबंधाचं इंग्रजी म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची. बोलताना आपण सहज म्हणतो, औषध उशिरा दिलं म्हणून ताप लांबला. प्रबंधात तीच गोष्ट कोट-टाय घालून येते: औषध देण्यातील विलंब आणि तापाचा वाढलेला कालावधी. हा कोट शिवायला बाई शिकवत.

त्यासाठी त्यांनी माझ्यात नवी कार्डं भरली. पुढे जड नामं: 'डिले', 'रिडक्शन', 'ॲब्सेन्स'. त्यांच्या मागे विशेषणं. आणि एका कोपऱ्यात 'ऑफ', 'इन', 'अमंग' असल्या चिमुकल्या शब्दांच्या पट्ट्या, सांधे जोडायला. टेबलावर मधोमध एक नाम ठेवायचं. त्याच्या आधी विशेषण, नंतर पट्टी, पट्टीनंतर दुसरं नाम. बाई म्हणत, नुसते शब्द पाठ करू नका, त्यांची सोयरीक ओळखा. कोणता शब्द कोणाशेजारी सुखानं नांदतो ते बघा.

वर्गाचा एक नियम होता आणि त्यात सूट नव्हती. कार्डाला हात लावण्याआधी आपलं म्हणणं घरच्या भाषेत सांगायचं. कोणी काय केलं, एवढंच. अभियंत्याला हे पोरकट वाटे. पण सांगायला लागला की निम्म्या वेळा त्याचं त्यालाच कळायचं की आपल्याला मुळात काही म्हणायचंच नव्हतं. तेव्हा मला फार मजा यायची.

ते माझे सुखाचे दिवस होते. "हा खण म्हणजे माझा उजवा हात," असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तेव्हा मला माझी तिरकी मूठसुद्धा चालायची.

मग सिस्टर आली. ती दवाखान्यात परिचारिका होती. सगळं जग तिला सिस्टर म्हणे, म्हणून बाईही म्हणू लागल्या. ज्यांना भेटायला कोणी येत नाही ते रुग्ण उशिरा बरे होतात का, हा तिचा विषय होता. रजा साठवून, झोप मोडून तिनं वर्षानुवर्षं माहिती गोळा केली होती, आणि परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला होता. भाषा बोलण्यासारखी आहे म्हणाले. मग तिनं जाडजूड शब्द एकावर एक रचले, तर दुसऱ्यांदा परत आला. काही कळत नाही म्हणाले. आगीतून निघाली आणि फुफाट्यात पडली. आता आणखी एकदाच संधी होती. यावेळी प्रबंध परत आला, तर विद्यापीठातून तिचं नाव कायमचं कमी होणार होतं.

पहिल्याच दिवशी तिनं माझ्यातली मूठभर कार्डं काढून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडली. बाईंनी चष्मा सावरून ते सगळं वाचलं आणि विचारलं, "यात पेशंट कुठाय?"

सिस्टर कार्डांकडे बघत राहिली. "असेल की बाई, इथंच कुठंतरी चेंगरला असेल."

दोघी हसल्या, आणि तेव्हापासून त्यांचं सूत जुळलं. ड्यूटी संपली की ती थेट वर यायची. हळूहळू तिची वाक्यं आटोपशीर झाली, एकेक प्रकरण मार्गी लागलं. शेवटचं प्रकरण मात्र अडून बसलं. तिच्या मार्गदर्शकांनी समासात लिहिलं होतं की माणसं भेटायला का येत नाहीत, यावर इथे एक अक्षर नाही. सिस्टरनं 'ॲब्सेन्स ऑफ व्हिजिटर्स' अशी कार्डं मांडली होती. भेटायला येणाऱ्यांचा अभाव. ते दिसायला इतकं नीटनेटकं होतं की त्याच्या पुढे काही विचारावं असं तिला वाटलंच नव्हतं.

बाईंनाही वाटलं नाही, आणि त्याचं कारण मला माहीत होतं. बाईंचा एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात राहत होता. त्याचा फोन यायचा, पण तो यायचा नाही. औषधवाले काका चौकशी करत, तेव्हा बाई गंभीरपणे सांगत, "येण्याची शक्यता आहे." किंवा, "रजेबाबत जरा अनिश्चितता आहे." मुलगा येत नाही, असं साधं वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वर्ग सुटला की त्या रिकाम्या खुर्च्या सरळ करत आणि मग माझ्यातली कार्डं लावत बसत, ती आधीच लावलेली असली तरी. मला ते बघवत नसे.

अशात बाई जिन्यावरून पडल्या आणि कमरेचं हाड मोडलं. सिस्टरनं त्यांना आपल्याच दवाखान्यात दाखल केलं. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आली होती. शस्त्रक्रियेनंतर थोडं बरं वाटताच बाईंनी सिस्टरला खोलीची किल्ली दिली आणि मला आणायला सांगितलं. मी एका पिशवीतून वॉर्डात आलो आणि खाटेशेजारच्या छोट्या कपाटावर बसलो.

दुपारी भेटीची वेळ झाली. शेजारच्या खाटेभोवती सुना, जावई, नातवंडं अशी जत्रा भरली. पलीकडे एक म्हातारा बायकोची वेणी घालत होता, तीही उलटी. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. औषधवाले काका एकदा येऊन गेले होते, त्यानंतर कोणी फिरकलं नव्हतं.

सिस्टरला तिच्या अभ्यासासाठी प्रत्येक रुग्णाला विचारावं लागे की भेटायला कोण येतं. बाईंना विचारायचं ती टाळत होती. त्या दिवशी तिनं स्टूल ओढलं आणि विचारलं.

"ॲब्सेन्स लिही," बाई म्हणाल्या. "कार्ड पुढेच आहे."

सिस्टरनं मला हात लावला नाही. "बाई, आधी घरच्या भाषेत," ती म्हणाली. "कोणी काय केलं?"

शेजारची जत्रा पांगली, डबे बंद झाले.

"माझा मुलगा येत नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी त्याला कधी ये म्हटलं नाही. पडले तेसुद्धा कळवलेलं नाही. त्याला वाटतं मी मजेत आहे."

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. आईलाही कधी रडावं लागतं, हे कोणी सांगत नाही. बाई त्या दिवशी रडल्या. सिस्टर त्यांचा हात धरून बसली. मी नुसता बघत होतो. खणाला दुसरं काय येतं?

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर वॉर्डावॉर्डात हिंडली आणि एकट्या पडलेल्या प्रत्येकाला तिनं नवा प्रश्न विचारला: तुम्ही कोणाला बोलावलंत का? बहुतेकांनी नकारार्थी मान हलवली. पोरांना कशाला त्रास, ती त्यांच्या व्यापात आहेत. त्या उत्तरांतून शेवटचं प्रकरण उभं राहिलं. बाईंनी पडल्या पडल्या कार्डं मांडली, सिस्टरनं लिहिलं, आणि तारखेच्या आत प्रबंध गेला. यावेळी तो परत आला नाही. मंजुरी आली तेव्हा सिस्टर वॉर्डाच्या दारातच फरशीवर फतकल मारून बसली.

आणि प्रबंध गेला त्याच संध्याकाळी बाईंनी फोन केला. मुलाला एकच शब्द म्हणाल्या, "ये." तो आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, असा धावत आला. आईला चालता येऊ लागलं तसं तो तिला आपल्या घरी घेऊन गेला. सामानात मला जागा नव्हती. बाईंनी माझ्या मुठीवरून हात फिरवला आणि सिस्टरला म्हणाल्या, "सांभाळ याला." मला आनंद झाला. वाईटही वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

सिस्टरनं मला परिचारिकांच्या खोलीत ठेवलं आणि काही वर्षं प्रबंध लिहिणाऱ्या नव्या मुलींना माझ्यातल्या कार्डांवर शिकवलं. मग बढती मिळून ती दुसऱ्या गावी गेली. मी दवाखान्याची वस्तू असं समजून मला कोणी बरोबर बांधलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. आज मी एका लोखंडी कपाटाच्या माथ्यावर आहे. माझ्या कार्डांवर सुकलेली पेनं, चिकटपट्टीची रिकामी रिळं आणि कोणाचा तरी तुटका चष्मा पडला आहे. खाली मुली शब्द सुचवणाऱ्या यंत्रावर लिहितात. त्यांना भारदस्त शब्द आयते मिळतात आणि ते छानही असतात. पण तुला काय म्हणायचंय ते आधी घरच्या भाषेत सांग, असं यंत्र त्यांना म्हणत नाही.

इतकी वर्षं मी वाट बघितली की कोणीतरी आपण होऊन वर हात घालील. खणानं आपलं दुखणं सांगू नये, असं मलाही वाटायचं. बाईंनाही तसंच वाटत होतं.

म्हणून मित्रांनो, आज मी घरच्या भाषेत सांगतो. मी इथे एकटा आहे. मला खाली काढा.