स्वच्छ पाण्याचा हट्ट

सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण आमच्या नवऱ्याच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं! दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीला त्याने मोठ्या कौतुकाने नवा जबरदस्त फिल्टर बसवला. थोड्याच दिवसांत वाळूवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला, त्यातून बुडबुडे अडकलेले दोरे लोंबायला लागले. साहेबांनी बघताक्षणी निकाल दिला, “शेवाळ! बाबा मुठीमुठीने खाणं टाकतात ना, त्याचं हे फळ.”

बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून त्यांचा सकाळचा चहा टाकीसमोरच व्हायचा. माशांना “या साहेब, जेवून घ्या” म्हणत खाऊ घालायचे. नवऱ्याने खाण्याचा डबा उचलून कपाटात कुलूपबंद केला; मोजकं खाणं आता तोच टाकायचा. बापाशी असं वागतात? मी कडाकडा भांडले. “तुला त्यातलं काय कळतं?” हे उत्तर तयारच होतं.

मग नुसता उच्छाद. पाणी बदल, वाळू उपस, फिल्टर धू. पाणी तपासलं की नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि ह्याची कॉलर ताठ. तो मेला चिकटा मात्र सकाळी काढला की संध्याकाळी हजर! प्रवाळ मिटून बसलं, गोगलगायी पटापट मेल्या.

काल चहा घेऊन गेले, तर बाबा बॅग भरत होते.

“धाकट्याकडे जातो गं. थोरल्याने एवढा जीव लावलेली टाकी मी नासवली. उगाच घरात कटकट नको.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यापुढे फोन आपटला. “लाव त्या मासेवाल्या दुकानात. आधी ते आहे काय ते तरी विचार!”

दुकानदाराने सांगितलं तसं केलं. चिकटा पाण्याच्या बाटलीत घालून खळाखळा हलवला, कॉफी गाळायच्या कागदातून गाळला. नितळ पाणी खिडकीतल्या उन्हात ठेवलं. बघता बघता त्यात पुन्हा तपकिरी दोरे जमले.

“मग ते साधं शेवाळ नाही, डायनो आहेत; सुटे केले तरी पुन्हा जुळणारे सूक्ष्म जीव,” दुकानदार फोनवर म्हणाला. “नायट्रेट किती?”

“शून्य,” नवरा ऐटीत.

“इथेच घोडं पेंड खातंय! नायट्रेट हे शेवाळाचं खाणं; ते काढून पाणी उपाशी ठेवलंत की साधं शेवाळ मरतं आणि ह्यांना रान मोकळं मिळतं. धुणं-पुसणं बंद करा. माशांना खायला कोण घालतं? त्यांना म्हणावं, सढळ हाताने घाला.”

नवऱ्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कुलूप काढून तो डबा घेऊन बाबांच्या खोलीत गेला. “बाबा, चूक माझी होती. चला, तुम्हीच घाला. हवं तेवढं घाला.”

बाबा आले. डबा उघडला, जेमतेम चिमूटभर खाणं घेतलं, हात पाण्यावर नेला आणि तसाच धरून ठेवला. मग मुलाकडे वळून त्यांनी ती चिमूट दाखवली.

“एवढं चालेल?”

नवऱ्याने डबा त्यांच्यापुढे सरकवला.

“जास्त होतंय का रे?” बाबांनी विचारलं, आणि चिमटीतलं अर्धं परत डब्यात टाकलं.