पदकाची आवृत्ती

भाचीच्या डोळ्याभोवती आणि ओठांच्या कडेला कोड फुटले, तेव्हापासून त्या पांढऱ्या ढगांवरून चित्रकार मामा तिला ढगुली म्हणू लागला. तोंडाने बोलताना तो अडखळे, रंगांनी मात्र मनातले सगळे सांगे. म्हणून त्याने तिचेच चित्रपुस्तक केले. स्पर्धेपुरत्या छापलेल्या चार-दोन प्रती परीक्षकांकडेच राहिल्या, मूळ चित्रे प्रदर्शनात लागली, आणि ‘प्रत्येक मुलाला त्याचा चेहरा देणारे पुस्तक’ म्हणून त्याला सुवर्णपदक मिळाले.

वर्गात ढगुलीशेजारी कुणी बसत नसे. “पुस्तक येऊ दे, मग दाखवते. त्यातली मुलगी मीच आहे,” असे ती साऱ्यांना सांगून बसली होती.

पदकाच्या आवृत्तीचा नमुना पाहायला छापखान्याने मामाला बोलावले. मुखपृष्ठावर सोनेरी पदक उमटले होते. त्याच्यावरून बोट फिरवता फिरवता त्याचे भान हरपले, आणि आतली पाने न उलटताच त्याने मंजुरीची सही ठोकली.

आठवड्याभराने एका संध्याकाळी पुस्तकांचे खोके घरी आले. ढगुलीने पुस्तक उघडले, पाने उलटली, पुन्हा उलटली. प्रत्येक पानावर मुलीचा चेहरा एकसारखा, नितळ तपकिरी.

मामाने छापखान्यात फोन लावला.

“तोंडावर सगळीकडे पांढरं राहिलं होतं, साहेब,” चित्रांची सफाई करणारा म्हणाला. “म्हटलं, शाई बसली नाही. एकेक डाग भरता भरता मान मोडली हो! चांगलं झालंय ना?”

त्याचा सूर शाबासकी मागणारा होता. रागावायचे तरी कुणावर? सही स्वतःचीच होती.

“पदक मिळालं ना तुला, दादा? झालं तर मग,” बहीण म्हणाली आणि आत निघून गेली.

ढगुलीने पुस्तक मिटले. “मामा, ही बरी कशी झाली?”

“बरी नाही गं झाली. चूक झाली. माझी.”

“पण उद्या सगळे मला खोटारडी म्हणणार.” ती उठली, त्याची रंगपेटी घेऊन आली आणि त्याच्यासमोर मान वर करून बसली. “मला हिच्यासारखी कर.”

“अगं, हा कागदाचा रंग. खाज सुटेल.”

“सुटू दे.”

मामाला नाही म्हणायचे होते; पण नेहमीसारखाच तो अडखळला आणि त्याने ब्रश उचलला. तपकिरीत किंचित पिवळा, थेंबभर लाल. ती छटा त्याला तोंडपाठ होती. तिच्याच गालाकडे पाहून तो ती शिकला होता. तिने डोळे मिटले. एकेक ढग बुजत गेला.

आरशात पाहून ती हरखून हसली, तशी ओठाकडेची सुकलेल्या रंगाची खपली तडकली आणि आतले पांढरे डोकावले. मामाने ब्रश पुन्हा बुडवला.

“हसलं की फुटतं का रे?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“मग मी उद्या हसतच नाही,” ती ओठ न हलवता म्हणाली.