नजरेचा पट्टा

स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ टेकून ती थांबली. बाहेर सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान टीव्हीकडे वळवताच ती चवड्यांवर खोली ओलांडून खिडकीशी पोचली.

"अगं बाई! मांजरीसारखी काय फिरतेस? जीव जायचा एखाद्याचा."

ती नुसती हसली. सांगणार काय? रोज दुपारी मोबाईलवर तोच खेळ: पहारेकऱ्यांच्या नजरेचे पिवळे पट्टे चुकवत तुरुंगातून निसटायचं. आता मोबाईल ठेवला तरी पट्टे जात नसत. वॉचमनच्या डोळ्यांतून एक जिन्यावर सांडलेला असे, नवऱ्याच्या डोळ्यांतून एक जेवणाच्या टेबलावर. त्यात पाऊल पडलं की तिच्या छातीत धस्स व्हायचं.

ती खेळायची तेव्हा बबडी, तिची तीन वर्षांची लेक, मांडीवरच असायची. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर पडद्याकडे टक लावून गप्प बसायची. आईलाही तेवढीच उसंत.

कालपासून मात्र बबडी तिच्याजवळ येत नव्हती.

"ये गं, राणी माझी." तिने हात पसरले.

बबडी सोफ्याआडून डोकावली. पण ती आईच्या तोंडाकडे बघत नव्हती. आईसमोरच्या फरशीकडे बघत होती. हिने मान जराशी वळवली, तसं बबडीने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"रुसलीय वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "बापावर गेलीय. फुगून बसायचं आणि कारण सांगायचं नाही. काय केलंस तिला?"

"काही नाही हो."

बबडीला ओढून कुशीत घेता आलं असतं. सकाळी घेतलंही होतं, तर पोर केवढी किंचाळली. शेवटी ती स्वतःच भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसली. पोरीने आपण होऊन यावं, एवढंच.

मागे पावलं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. मानेवर ऊबदार श्वास आला आणि तिचे डोळे भरले.

"आलीस गं..."

इवलासा तळवा तिच्या तोंडावर घट्ट बसला.

मागून गाठलेल्या पहारेकऱ्याला खेळात असंच धरायचं असे. तो निपचित पडेपर्यंत हात काढायचा नाही.

तिने हात सोडवला नाही. पोरीला धक्का लागू नये अशा बेताने ती हळूहळू कुशीवर कलंडली आणि डोळे मिटून पडून राहिली.

तळवा निघाला. चिमुकली पावलं तिला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने, दाराकडे निघाली.