सगळ्यांच्या मागून

‘मी मेलो का?’

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे आमच्या यांनी एवढंच लिहिलं आणि कागद पाळकसाहेबांच्या पुढ्यात सरकवला. पाळकसाहेबांनी वाचून तो चंद्रभानजींकडे दिला. चंद्रभानजी आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच, वय पंचाहत्तर. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते तीन शब्द दोनदा वाचले.

तिपाईवर लहान लाकडी पेटी उघडी होती. आत पांढरं कापड, भाकरीचे दोन तुकडे, बाटलीत बोटभर द्राक्षरस आणि एक प्लास्टिकचा कप. बाळाला औषध पाजायचा असतो ना, तेवढा.

ज्याला आमची रीत माहीत नाही, त्याला यात रागावण्यासारखं काय ते कळायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्रभुभोजन असतं. मंडळी वेदीपुढच्या कठड्याशी रांगेनं गुडघे टेकते आणि एकाच प्याल्यातून प्रत्येकजण एकेक घोट घेतो. जो अंथरुणाला खिळला, ज्याचं फारसं उरलं नाही, त्याच्यासाठी पाळक ही पेटी घेऊन घरी जातात. हिंगणघाटात आमची घरं बत्तीस. पेटी येऊन गेली की पंधरा दिवसांत त्या घरी मंडप पडतो, हे आमच्या लहान पोरांनाही ठाऊक. आणि आमचे हे, रूपराव, त्या सकाळी नळावरून आठ बादल्या पाणी भरून नुकते खाटेवर टेकले होते.

"काका, गैरसमज करून घेऊ नका," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्हाला देवळात यायला अवघड वाटत असेल, म्हणून आम्हीच..." बोलताना ते यांच्या तोंडाकडे पाहत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

मला तेच झोंबलं. रत्नदीप नाव त्यांचं, वय एकोणतीस, आठ महिन्यांपूर्वी अमरावतीहून बदलून आलेले. शर्टाची इस्त्री मोडत नाही आणि खिशात हात धुवायची बाटली.

"साहेब," मी म्हटलं, "बोलाचं असन तं यायच्याकडे पाहून बोला. ते घड्याळ दिवाळीपासून बंद हाय."

चंद्रभानजी म्हणाले, "आनंदाबाई, असं नोको बोलू. आम्ही चांगल्या मनानं आलो."

चांगल्या मनानं आले होते, खरंच. यांनी पेटीचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं, कडी घातली आणि ती चंद्रभानजींच्या मांडीवर ठेवली. मग दोघांना दारापर्यंत पोचवून आले. चहा विचारायचं मी विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी यांच्या उजव्या गालातली गाठ काढली. गाठीबरोबर अर्धा जबडा गेला, अर्धी जीभ गेली. ओठ त्या बाजूनं मिटत नाही, लाळ गळते, म्हणून खांद्यावर सतत दुपट्टा. बोलतात, पण ते फक्त मला कळतं. दुसऱ्यांसाठी कागद. हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. तीस वर्षं मशीनच्या धडधडीवर ओरडून ओरडून आवाज असा झालेला की देवळात गाणं यांनीच उचलायचं, हार्मोनियमवाला मागून यायचा. आणि त्याच गालात तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा. देवळाच्या फाटकाशी थुंकून, चूळ भरून आत जायचे. वीस वर्षं मी त्यावरून भांडले. मंडळीतली एक बहीण मला दवाखान्यात येऊन म्हणाली, "आनंदाबाई, देव परीक्षा पाहून राह्यला." मी म्हटलं, "बाई, खर्र्याची पन्नी देवानं नोयती देल्ली." देवाला उगाच कशाला मधे घ्यायचं?

पण देव मधे आलाच, तो वेगळ्या वाटेनं आला. नागपूरला रेडिएशनचा शेक घ्यायला तेहतीस दिवस जायचं होतं. सकाळची साडेसहाची बस. तिथं चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवतात आणि तो टेबलाला ठोकून टाकतात, मान हलू नये म्हणून. पहिल्या दिवशी हे बाहेर आले ते थरथरत. कागदावर लिहिलं, ‘उद्या येत नाही.’ मला धीर देता येत नाही. मला फक्त भांडता येतं. मी म्हटलं, "नोका येऊ. मरा घरी." आणि बसमध्ये तोंड खिडकीकडे करून रडले.

दुसऱ्या दिवशी आले. बाहेर पडल्यावर यांनी लिहिलं, ‘साडेपाच कडवी.’

मला काही कळेना. मग समजलं. आत पडल्या पडल्या यांनी मनातल्या मनात गीत धरलं होतं. सहा कडव्यांचं, रविवारी म्हणतात त्याच चालीत, घाई न करता. सहावं कडवं अर्धं झालं तेव्हा मशीन थांबलं. त्यानंतर रोज हेच. कधी ‘पाच’, कधी ‘पावणेसहा’. एकदा मशीन बिघडून तसंच पडून राहावं लागलं, त्या दिवशी लिहिलं, ‘दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं जमलं.’ ज्या माणसाचा गळा गेला तो लोखंडाच्या टेबलावर बांधलेला पडून गाणं सुधारत होता! मी नर्सबाईसमोरच हसले.

घरची प्रार्थनाही माझ्यावर आली. पंचवीस वर्षं ती यांनी केली, मी शेवटी आमेन तेवढं म्हणायचे. मला ते गोड गोड शब्द येत नाहीत. मी म्हणायचे, "प्रभू, आज वरण पातळ केलं आहे. यांच्या घशाखाली उतरव. आमेन." बहुतेक वेळा उतरायचं. नाही उतरलं तर दुसऱ्या दिवशी मी देवाला तसं सांगायचे.

तर त्या दिवशी पाळकसाहेब गेले आणि हे म्हणाले, "रविवारी मी देवळात जातो."

"जा ना जी. कोनं अडवलं? मांगच्या बाकावर बसजा."

"बसून राहू? सारे उठून जातीन अन् मी बसून? लोक काय म्हनतीन?"

हेही खरं होतं. प्रभुभोजनाला जो उठत नाही, त्याचं कोणाशी तरी वैर आहे किंवा पंचांनी त्याला रोखलं आहे, असाच आमच्यात अर्थ निघतो.

"मंग तो लायना कप घ्या न साहेबाचा. काय बिघडते? करोनात सारेच घेत होते."

"तवा साऱ्याइले होता. आता मले एकट्यालेच काऊन?"

"लाळ पडते तुमची!" मी म्हटलं. "त्या प्याल्यातून तुमच्या मांगून साऱ्या लोकाइनं प्याचं. किळस येईन लोकाइले."

बोलून गेले. तोंडातून सुटलेला शब्द गिळता येत नाही. कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण माहीत असणं वेगळं आणि ओठ लावणं वेगळं. यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"मी साऱ्याइच्या मांगून घेतो," मग हे म्हणाले. "माह्या मांगं कोनी राह्यलंच नाई, म्हंजे झालं."

"हे बरं," मी म्हटलं. लगेच म्हटलं.

मग आठवडाभर आमच्या घरी सराव. देवळाचा द्राक्षरस वीस वर्षं मीच करते. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. त्यातलाच थोडा काढून मी स्टीलच्या गिलासात दिला. मान डावीकडे कलती करायची, उजवा ओठ बोटानं दाबायचा, घोट लहान घ्यायचा. सोमवारी शर्ट रंगला. मंगळवारी ठसका लागला, असा की शेजारची काजल धावत आली. "काय झालं वो काकू?" मी म्हटलं, "काई नाई, तुहे काका शाळेत जाऊन राह्यले." शुक्रवारी तीन घोट घेतले आणि एक थेंब सांडला नाही. हे हसले. यांचं हसू आता वाकडं आहे, पण आहे.

रविवारी हे लवकर उठले. दाढी डाव्या गालाचीच करावी लागते, उजव्यावर शेकानं केस येत नाहीत. पांढरा शर्ट, नवा दुपट्टा. देवळाच्या दारात सगळ्यांनी हात मिळवले. काहींनी हात मिळवून लगेच दुसरीकडे पाहिलं. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. गाणं सुरू झालं तेव्हा यांनी पुस्तक उघडं धरलं, पानं बरोबर उलटली, पण ओठ हलवले नाहीत.

प्रभुभोजन सुरू झालं. चंद्रभानजी एकेक बाक उठवत होते. आमच्या बाकाशी आल्यावर यांनी हातानं थांबा म्हटलं. सगळे जाऊन आले, आपापल्या जागी बसून डोळे मिटून मुक्यानं प्रार्थना करू लागले. मग आम्ही दोघं उठलो. कठडा मोकळा होता. मी डावीकडे, हे उजवीकडे. भाकरीचा तुकडा यांच्या जिभेवर विरघळला, त्याची काळजी नव्हतीच. पाळकसाहेब प्याला घेऊन आले. आधी मी घेतला.

मग यांनी. मान कलती केली, ओठ दाबला. घोट आत गेला, पण प्याला खाली घेताना लाळेची तार लागली, ओठापासून प्याल्याच्या काठापर्यंत, आणि तुटून आत पडली. यांनी घाईघाईनं दुपट्ट्यानं काठ पुसला, एकदा, दोनदा, तीनदा, मशीनवरचं तेल पुसावं तसा. मग प्याला परत दिला आणि मोठा श्वास सोडला. झालं. मागे कोणी नव्हतं.

यांना उठायला वेळ लागतो, गुडघे धरतात. म्हणून आम्ही अजून तिथंच होतो. पाळकसाहेब वेदीकडे वळले, मंडळीकडे पाठ करून उभे राहिले. आणि मला एकदम आठवलं.

प्याल्यात उरलेला रस बाटलीत परत जात नाही. मोरीत टाकायचा नाही, मातीत ओतायचा नाही. तो पाळकानंच वेदीपाशी पिऊन संपवायचा, ही रीत. वीस वर्षं मी तो रस करते, वीस वर्षं धुतलेला प्याला कपाटात ठेवते, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही! येणार कसं? त्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. पाळक तो पितात हे ऐकून माहीत, पाहिलेलं कोणीच नाही. आणि माझ्या धास्तीत त्या दिवशी रस नेहमीपेक्षा जास्तच झाला होता. प्याला पाव तरी भरलेला असणार.

यांच्याही ध्यानात आलं. कठडा धरून अर्धवट उठत हे म्हणाले, "नोका साहेब, नोका."

साहेबांना शब्द कळले नसतील, पण आवाज कळला. त्यांनी मान वळवली. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी यांच्या तोंडाकडे पाहिलं, सरळ, शिवलेल्या गालाकडे, लोंबणाऱ्या ओठाकडे. चेहरा पांढरा पडला होता त्यांचा, मी पाहिलं. वेदीवर पांढरा रुमाल होता, मागे दार होतं. त्यांनी प्याला झाकून आत नेला असता तर बत्तीस घरांतल्या एकाही माणसाला कळलं नसतं. आम्हीही कोणाला सांगितलं नसतं. आम्हाला तर बरंच वाटलं असतं.

त्यांनी प्याला फिरवला नाही. यांचे ओठ लागले होते तीच बाजू ओठाला लावली आणि पिऊ लागले. गळ्याचा मणी वरखाली होताना दिसत होता. मधे एकदा थांबले, डोळे घट्ट मिटले, पुन्हा प्यायले. सगळा संपवला. मग त्यात पाणी घातलं, प्याला हलवला आणि तेही पाणी प्यायले.

मी त्यांना कालचा पोरगा म्हणत होते. आणि मी? घरी यांचा गिलास मी वेगळ्या फळीवर ठेवते. दोन वर्षं ठेवते आहे. यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. यांच्याबरोबर सत्तावीस वर्षं संसार केलेली बाई मी, आणि त्या कठड्याशी मी आधी प्यायले. यांनी ‘सगळ्यांच्या मागून’ म्हटलं तेव्हा मी तुमच्या मागून घेते, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? मला लाज वाटली. रडू आलं. आलं तर आलं.

हे परत गुडघ्यांवर बसले होते. कठड्यावर कपाळ टेकलेलं, पाठ गदगदा हलत होती. तेहतीस दिवसांच्या शेकात हा माणूस रडला नव्हता. मागे मंडळीचे डोळे उघडले असावेत, कारण बाकं करकरली. पाळकसाहेब आशीर्वाद द्यायला वळले, पण त्यांनी हात वर केले नाहीत. उभे राहिले. चंद्रभानजी पुढे यायला निघाले, त्यांना त्यांनी मानेनंच थांबवलं.

मी यांच्या कोपराखाली हात घातला.

"उठा न जी," मी हळूच म्हटलं. "साऱ्याइचा खोळंबा करून राह्यले."

यांनी माझा हात बाजूला केला. कठडा धरला, आधी एक गुडघा उचलला, मग दुसरा, आणि आपले आपणच उभे राहिले. मग साहेबांनी हात वर केले.