रजिस्टरमधला पप्पा

काशीमीऱ्याला हायवेला लागून आमचं नर्सिंगचं हॉस्टेल. खाली टायरचं गोडाऊन, वर आम्ही. एका खोलीत सहा खाटा, दोन पंखे, त्यातला एक नुसता शोभेला. बादल्यांवर नेलपेंटने नावं घातली तरी सकाळी कुणीतरी भलतीच माझ्या बादलीने आंघोळ करून मोकळी. माझं घर उत्तनजवळच्या डोंगरीला, म्हणजे इथून दोन बस. तरीही नर्सिंगच्या मुलींनी हॉस्टेलमध्येच राहायचं असा कॉलेजचा नियम. या नियमाचा मला पहिल्या दिवसापासून राग होता.

सुट्टीचा नियम त्याहून भारी. शनिवारी घरी जायचं तर वॉर्डन मनोरमा मॅडम रजिस्टर उघडून मुलीच्या वडिलांना फोन लावणार. वडील हो म्हणाले की आउटपास. आईचा फोन चालत नाही. "आया काय, पोरी रडल्या की कशालाही हो म्हणतात," असं मॅडमचं म्हणणं. माझे पप्पा सॅम्युएल उत्तनच्या एका बोटीवर तांडेल, बोट चालवणारे. एकदा निघाले की आठ-दहा दिवस दर्यात, तिथे कुठली आलीय रेंज! पहिलं वर्षभर बाकीच्या मुली बॅगा भरून जायच्या आणि मी "तुझ्या पप्पांचा फोन लागत नाही" एवढं ऐकून जिना चढायची.

दुसऱ्या वर्षी रजिस्टर नवीन आलं तेव्हा माझ्या खोलीतल्या अनुष्काने तोडगा काढला. तिचा मोठा भाऊ पराग सिल्व्हर पार्कला एका ऑफिसात कामाला. त्याचा आवाज मुळातच भरदार. माझ्या पप्पांच्या नावापुढे मी त्याचा नंबर लिहिला. "हां मॅडम, एल्साचा पप्पा बोलतोय. सोडा तिला," असं तो इतकं झकास म्हणायचा की आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो.

खोटं सांगत नाही, सुरुवातीला मी त्या पासवर घरीच जायची. मग मैत्रिणींबरोबर मॉलला जायला लागले. गेले तीन शनिवार घरी गेलेच नव्हते. आईच्या पायाला शुगरची जखम होती, पट्टी मीच बदलून द्यायची. फोनवर ती म्हणायची, "बरं हाय, तू अभ्यास कर." मला तेवढंच हवं होतं.

त्या बुधवारी दुपारी बाराला मला खाली बोलावलं. गेटशी पप्पा उभे होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात घरातली स्लिपर. मनोरमा मॅडम हातात रजिस्टर घेऊन त्यांच्यासमोर.

"हा माणूस म्हणतोय मी एल्साचा बाप, तिच्या आईचं दोन वाजता ऑपरेशन आहे, तिला पाठवा," मॅडम म्हणाल्या. "आधार कार्ड मागितलं तर म्हणे हॉस्पिटलच्या काउंटरवर ठेवलंय. मी तुझ्या वडिलांना फोन लावला. ते ऑफिसात आहेत. म्हणाले, कुणाबरोबर सोडू नका. बोल आता, कोण आहे हा?"

परागने नेहमीचं काम चोख केलं होतं.

महिनाभरापूर्वीच आमच्या खोलीतल्या गिरिजाला याच कारणासाठी काढलं होतं. चुलतभावाचा नंबर बापाचा म्हणून दिला, हॉस्टेल गेलं, त्याबरोबर कॉलेजही गेलं. ती गेली त्या दिवशी तिची खाट आम्ही कपडे ठेवायला घेतली. माझ्या डोक्यात हिशेब झटकन झाला. आत्ता वेळ मारून न्यायची, वर जाऊन परागला सांगायचं, तो फोन करेल, पास मिळेल, एकपर्यंत मी आईजवळ.

"आमच्या शेजारचे काका आहेत," मी म्हणाले.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी तिथेच खरं बोलले असते.

"मग बाप कशाला सांगितलंत?" मॅडम कडाडल्या.

"शेजारी हाय मी," पप्पा म्हणाले. "आपलीच पोर, म्हणून बोललो. चुकलं, मॅडम." आणि ते रिक्षा शोधायला हायवेकडे गेले.

परागचा फोन बंद होता. साहेबांबरोबर मीटिंग होती, हे नंतर कळलं. मी तीसेक वेळा लावला. मॅडमच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत फिरले. आई तिकडे टेबलावर, आणि मला माझं तिसरं वर्ष दिसत होतं. मी भित्री आहे, स्वार्थी आहे, दुसरं काही कारण नव्हतं.

शेवटी साडेचारला परागचा मॅडमना फोन गेला. "बायकोचं ऑपरेशन आहे, मॅडम." मॅडमनी मान हलवून लगेच पास फाडून दिला. "अगं, मग तो शेजारी खरंच सांगत होता की!"

भाईंदरच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा आईला वॉर्डात आणलं होतं. चादरीखाली उजवा पाय गुडघ्यापर्यंतच होता. पप्पा बाहेरच्या बाकावर. मी शेजारी बसले तर थोडे सरकले, मला जागा करून दिल्यासारखे.

"डॉक्टर इंग्लिशमदी सांगत व्हता," ते म्हणाले. "बोटं का सगळा पाय, मना कळं ना. तुला इचारून सही करायची व्हती, पन फोन घाईत घरीच ऱ्हायला. दोनपर्यंत थांबलो. मग केली."

मी सॉरी म्हणाले. ते उठून वॉर्डात गेले.

रात्री आईला नीट शुद्ध आली. तिने हाताने पाय चाचपला, जिथे संपत होता तिथे हात थांबला. मग माझ्याकडे वळली.

"पप्पा बोलला, एल्सा डॉक्टरशी बोलली, ती हो म्हणाली, मगच सही केली. तू इचारलंस ना नीट?"

पप्पा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"हो," मी म्हणाले. "विचारलं."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि माझा हात धरून निवांत डोळे मिटले.