आठवणीच्या दोन ओळी

“आणि दादांच्या त्या पत्राचं काय केलंत?” समुपदेशक बाईंनी मोबाइलच्या पडद्यावरून विचारलं.

“काय करायचं? उत्तर नाही दिलं.”

कवळीवाल्याने मोबाइल प्लास्टरच्या एका जबड्याला टेकवून उभा केला होता. दातांच्या दवाखान्यामागची ही खोली. इथे तो लोकांच्या हिरड्यांच्या साच्यांवर मेण चढवायचा, त्यात एकेक दात बसवायचा आणि जेवणाऱ्याला टोचू नये म्हणून कडा घासत बसायचा. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले की आठवड्यातून एकदा दार लावून बाईंशी बोलायचा. घरी बोलायचं म्हणजे भिंतीला कान. त्यात मुलगी सुट्टीला आलेली.

हे बोलणं बायकोने ठरवलं होतं. रात्री झोपेत तो करकरा दात खायचा. “दुसऱ्यांच्या तोंडात बत्तिशी बसवता आणि स्वतःच्या तोंडात भुगा करता,” ती म्हणायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जबडा तपासला आणि सांगितलं, “इथे काही नाही. दुखणं वरच्या मजल्यावर आहे.” मग तिनेच शोधून शोधून या बाई काढल्या. मनावरचे जुने घाव आणि देवाधर्मातून आलेले गुंते, दोन्ही जाणणाऱ्या. तो पहिल्या दिवशी घाबरतच बसला. या देव नाही म्हणून सांगतील, नाहीतर सगळ्यांना माफ करा म्हणतील. बाई म्हणाल्या, “तुमचा देव मी काढून घेणार नाही, आणि गेला असेल तर आणूनही देणार नाही. तुम्ही बोला.”

बोलणं हीच तर अडचण होती.

“पत्रात काय होतं, पुन्हा सांगा.”

“आमच्या प्रार्थनाघराचे प्रमुख, आम्ही त्यांना थोरले म्हणायचो, ते वारले, त्यांच्यावर पुस्तक काढतायत. दादा आता तिथला व्यवस्थापक. लिहितो, ‘आईसाठी तू हिवाळाभर मौन पाळलंस, त्या पुण्याईने तिला शांत मरण आलं, हा प्रसंग घेतोय. तुझ्या आठवणीच्या दोन ओळी पाठव.’” तो हसला. “काल बायकोला फोन केला त्याने. म्हणे, पुस्तक छापायला चाललंय. गप्प बसला तर त्याचा होकारच समजतो.”

“तुमचा होकार आहे?”

त्याने समोरची अर्धी कवळी उचलली, कड चाचपली, खाली ठेवली.

“नऊ वर्षांचा होतो. तेव्हा आम्ही प्रार्थनाघरातच राहायचो. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा थोरल्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, ‘तू बोलायचं सोड. तुझा शब्द तिचा श्वास होईल. बोललास की तिचा एक श्वास कमी.’ मी सोडलं. रात्री झोपेत बोलू नये म्हणून तोंडावर फडकं बांधून घ्यायचो.”

“आणि आईंना हे ठाऊक होतं?”

“नाही ना. सांगितलं तर फळ जातं म्हणे. ती बायकांच्या खोलीत, मी भिंतीच्या अलीकडे. दाराशी दादाला बसवलेलं, मी बोलतोय का बघायला. ती हाका मारायची. चिमण्या, अरे चिमण्या. मग कुणाला तरी सांगायची, ‘रुसलाय वाटतं माझ्यावर. आजारी पडले म्हणून रुसलाय.’”

त्याने कवळीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“हिवाळा सरत आला होता. एके दिवशी तिने हाक मारली आणि माझ्या तोंडून ‘ओ’ गेली. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. थोरले माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘एक दिवस कळ काढली असतीस तर.’”

“आजार काय होता?”

“फुप्फुसाचा.”

“औषध?”

“प्रार्थना.”

“म्हणजे औषध दिलं नाही,” बाई सावकाश म्हणाल्या. “तुमच्या ‘ओ’ने त्या गेल्या नाहीत.”

“ते कळतं हो मला. दोन पोरांचा बाप आहे मी.” त्याचा आवाज एकदम चढला. “पण बाई, मी बोललो म्हणून ती मेली नाही, असं धरलं, तर मी गप्प होतो म्हणून ती जगतही नव्हती. हो ना? मग ती हाका मारत होती, तेव्हा मी गप्प कशाला बसलो होतो? तिला मारलं असं म्हणालो, तर निदान आधी इतके दिवस जगवलं, एवढं तरी हाती राहतं. तुम्ही तेही काढून घेताय.”

खोलीत घासायच्या यंत्राचा पट्टा सैल लोंबत होता. पडद्यावर बाई हलत नव्हत्या.

“बाई, आवाज येतोय ना?”

“येतोय.” त्यांनी चष्मा काढला. “याला माझ्याकडे उत्तर नाही. समजूत घालता येईल, पण तुम्ही ती लगेच ओळखाल.”

त्याला संताप आला. एवढं उकरून काढायचं आणि वर म्हणायचं, उत्तर नाही! पण थोरल्यांकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं, हेही त्याला त्याच क्षणी आठवलं, आणि संताप जिथल्या तिथे बसला.

“दादांना तुमची आठवण हवीय,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला काय आठवतं?”

दारावर थाप पडली. बाहेरून सहकारी ओरडला, “अरे ए मौनीबाबा, उघड की! कोणाशी गुलुगुलु चाललंय?”

संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसला. आधी चार पानं लिहिली. थोरल्यांना ढोंगी म्हटलं, दादाला पहारेकरी म्हटलं. वाचून पाहिली. सगळं खरं होतं आणि काही कामाचं नव्हतं. दादा ती चुलीत घालणार आणि पुस्तकात हवं ते छापणार. चारही पानं फाडून त्याने नवा कागद घेतला.

बायकोने खांद्यावरून वाचलं.

*दादा,*

*तू दोन ओळी मागितल्यास. या घे.*

*आई हाका मारत होती.*

*मला ऐकू येत होतं.*

*दुसरं काही माझ्या नावावर छापायला माझा होकार नाही. तू दाराशी असायचास, तेव्हा तुलाही ऐकू येत असेल. तू तरी ओ द्यायची होतीस. तुला कोणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं.*

तिने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“एखादी शिवी तरी घालायची,” ती शेवटी म्हणाली.

“घातली होती. फाडली.”

“का?”

“तोही चौदाच वर्षांचा होता.”

“मग ती शेवटची ओळ खोडा.”

त्याने पेन उचललं. ओळीवर टेकवलं. मग टोपण लावून टाकलं.

“नाही. ती राहू दे.”

सकाळी कामाला जाताना तो वाट वाकडी करून टपालपेटीपाशी गेला. पाकीट आत टाकलं, पण पडल्याचा आवाज आला नाही. पेटी गच्च भरली असावी. त्याने फटीत दोन बोटं घालून चाचपलं. पाकिटाची कड तिथेच होती, ओढली तर परत हाती आली असती. मागे एक बाई पत्र घेऊन उभी होती. “झालं का हो तुमचं?” तिने विचारलं.

“हो,” तो म्हणाला आणि कड आत ढकलली.