साबणाच्या डब्यांचा आहेर

मिरजगावात कुणाचंही लग्न असो, आहेर लिहायला मला बसवतात. अक्षर बरं आहे, आणि पिठाची गिरणी चालवून गावातली सगळी नावं पाठ झाली आहेत. कोण एकशे एक लिहवून घरच्या सात जणांना जेवायला आणतो, हेही पाठ आहे. दिलेला आहेर परत यावा लागतो. म्हणून लिहिणारा लागतो. एवढीच माझी किंमत.

डिसेंबरात आमच्या प्राथमिक शाळेत पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आला. गळ्यात पट्टा, तोंडात सारखं ‘बालमित्रांनो’. शाळेला मोठा टीव्ही घ्यायचा, त्यासाठी साठही मुलांनी दहा-दहा डबे विकायचे. डब्यात दोन साबण, एक दातांची पेस्ट, एक तेलाची बाटली. किंमत अडीचशे. बाजारात हाच माल नव्वदला मिळतो, पण बाजारातल्या मालावर शाळेचा शिक्का नसतो. डबे आधी न्यायचे, पैसे महिन्याअखेरच्या शनिवारी.

शाळेच्या दारात मुलांच्या नावांचा तक्ता लागला. दर डब्याला एक चांदणी. मुख्याध्यापक राधाकृष्ण सरांनी प्रार्थनेनंतर सांगितलं, दहा चांदण्या झाल्या तर स्नेहसंमेलनाच्या नाचात पुढची रांग. कमी असतील तर मागची. एकही नसेल तर प्रेक्षकांत.

पहिल्याच संध्याकाळी खताच्या दुकानाचा बजरंग त्याच्या हर्षलला घेऊन गिरणीवर आला.

“सहादेव, पोराचे दोन डबे घे. तुझ्या पूजाचे दोन मी घेतो.”

“मग दोघांनी आपापलेच घेतले तर?”

“तसं बरं दिसत न्हाई. लिहून ठेव, म्हंजी विसरायला नको.”

मी लिहिलं. हात सवयीचा गुलाम. आठ दिवसांत सगळं गाव त्या पानावर आलं. याचे तीन त्याच्याकडे गेले, त्याचे तीन याच्याकडे यायचे. नाही म्हणायची सोय राहिली नाही, कारण आहेराला कुणी नाही म्हणत नाही. कंपनीला वाटलं असेल, काय हुशार मुलं आहेत.

पंकजा तिसरीत, माझ्या पूजाच्याच वर्गात. तिची आई छबूबाई शाळेत खिचडी शिजवते. बाप पाच वर्षांपूर्वी गेला. गावात त्यांचं आहेराचं येणं-जाणं नाही. नाचात पंकजा सगळ्यात चांगली, वर्गाच्या बाईंनी तिला मधोमध उभी केलेली. ती डबा छातीशी धरून गिरणीवर आली, तेव्हा मी वही उघडली, छबूबाईचं नाव शोधलं, सापडलं नाही, आणि म्हणालो, “उद्या ये हं बाळ.”

गावात सगळ्यांनी तिला ‘उद्या’च सांगितलं होतं. तिच्याकडून घेतलेला डबा परत कुठून येणार?

चार दिवसांनी छबूबाई ज्वारी दळायला आली. दळून झाल्यावर म्हणाली, “सहादेवभाऊ, पोरगी आल्ती ना तुमच्याकडं?”

“आली होती.”

“सरांनी काल तिला नाचातनं काढली. घरी येऊन पायातले घुंगरू सोडून ठिवले. रडली पन न्हाई.”

मी वही पुढं ओढली. “दहा लिहितो तिच्या नावावर. पैसे माझे.”

“नको. तुमची भीक चांदण्या लावून दारात टांगायची का?” तिनं पिठाचा डबा झाकला. “मी रोज साठ पोरांना वाढते. वाढताना कुनाचं नाव वहीत बघत न्हाई.”

ती गेल्यावर मी कंपनीनं पूजाला दिलेलं पावतीपुस्तक उलटून पाहिलं. मागं मुंगीएवढ्या अक्षरात होतं: शाळेस प्रति डबा वीस रुपये. पानाची बेरीज केली. प्रत्येक घरानं जेवढे विकले तेवढेच घेतले होते. गावातून दीड लाख जाणार, शाळेला बारा हजारसुद्धा पुरते मिळणार नाहीत, आणि घरोघरी दोन वर्षं पुरेल एवढा साबण.

शुक्रवारी पालकांची सभा होती. मी उभा राहून ही बेरीज वाचली. पंकजाचंही सांगितलं.

राधाकृष्ण सर म्हणाले, “उपक्रम ऐच्छिक आहे, सहादेवराव.”

“मग तक्ता काढा.”

“कंपनीच्या नियमात तक्ता आहे.”

मला वाटलं, आता लोक पेटतील. मागून एकजण म्हणाला, “ते ऱ्हाऊ द्या. बजरंगकडं माझे चार निघतात, ते कधी?”

“तुझे चार? माझे सहा अजून यायचेत.”

पोर नाचातून गेली, दीड लाख चालले, आणि यांचं लक्ष पेस्टच्या नळीवर. मला किळस आली. माझ्यासकट सगळ्यांची. मी वहीतलं ते पान फाडलं, चार तुकडे केले आणि खिशात घातले.

“आता कुणाचं कुणाकडं काही निघत नाही.”

“आरं, मग माझे परत कोन घेनार?” बजरंग उभाच राहिला. त्याचं तोंड इतकं उतरलेलं मी त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

शनिवारी कंपनीचा माणूस पैसे न्यायला आला, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात डब्यांचा ढीग होता. परत येणार नसेल तर घ्यायचं कशाला, हा साधा हिशोब. कुणी वापरलेला साबण कोरडा करून पुन्हा कागदात गुंडाळला होता. एका बाटलीत तेलाच्या जागी पाणी होतं. पंकजाचा विचार करून मात्र कुणी एकही डबा परत केलेला नव्हता.

पण डब्यांबरोबर चांदण्याही गेल्या. सगळ्यांचंच शून्य झाल्यावर सरांना प्रेक्षकांत कुणाकुणाला बसवावं कळेना. तक्ता उतरला.

संमेलनात पंकजा मधोमध नाचली. छबूबाई स्वयंपाकखोलीच्या दारातून बघत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

“पान फाडायचंच हुतं,” घुंगरू थांबल्यावर ती म्हणाली, “तर लिहिलं कशाला?”

या लग्नसराईत आहेर लिहायला बजरंगला बसवतात. त्याचं अक्षर वाईट आहे, पण तो पान फाडणार नाही, याची गावाला खात्री आहे.